‘नो खा’ म्हणणारं थाय हॉटेल

काल रात्री झोप येईना म्हणून फोनवर आमच्या घराजवळच्या थाय हॉटेलचे रिव्ह्यू वाचत पडले आणि वाचता वाचता माझंच डोकं तापायला लागलं. एकाने एकच स्टार दिलाय, का तर त्याने चॉपस्टिक्स मागितल्या आणि "त्या बाईने माझ्याकडे असं बघितलं की मी तिची किडनी मागितली". एकीने दोन दिलेत कारण नवऱ्याची डिश आली तेव्हा तिची आलीच नव्हती, आणि तिची आली तोवर नवरा बोटं चाटून मोकळा. तिसऱ्याचं म्हणणं, जेवण एक नंबर पण मालकीण उद्धट, तिला नाही म्हणायची फारच हौस.

हे शेवटचं मात्र शंभर टक्के खरंय. तिला हौस आहेच. त्या हौसेबद्दलच लिहायचंय आज.

तर हे हॉटेल ओहायोत, कोलंबसच्या बाहेर, रांगेतल्या दुकानांपैकी एक, एका बाजूला नेल सलून आणि दुसऱ्या बाजूला कॉइन लाँड्री. नऊ टेबलं. नाव सांगत नाही, कारण पुढे थोड्या तक्रारीपण करणार आहे. किचनमध्ये नवरा, बाहेर बायको, शनिवारी त्यांचा भाचा पाणी द्यायला येतो आणि बहुतेक वेळ फोनवर असतो. भिंतीवर थायलंडच्या जुन्या राजाचा फोटो, १९४६ ते २०१६ म्हणजे सत्तर वर्षं जो गादीवर होता तो. भूमिबोल अदुल्यदेज. माझी आई त्या फोटोपुढे उभी राहिली तेव्हा मी तिला सांगितलं की हे नाव मुळात संस्कृत आहे, भूमिबल अतुल्यतेज, तर ती म्हणाली, "मग शिवाजी महाराजांच्या फोटोसारखंच की." हो, तसंच.

मालकीणबाईंना आम्ही ‘पा’ म्हणतो. थायमध्ये आई-वडिलांपेक्षा मोठ्या वयाच्या बाईला पा म्हणतात, आपल्या मावशी-आत्यासारखं, कोणालाही चालतं. आमच्याकडे सुरुवातीला घोळ व्हायचा, कारण मुलगी तिच्या बापाला पा म्हणते. नवरेबुवा ‘लुंग’, म्हणजे काका. लुंग किचनमधून बाहेर आलेले मी पाच वर्षांत चार वेळा बघितलेत.

आता ते चॉपस्टिक्सचं. अहो, थाय माणूस भात चमच्याने खातो. उजव्या हातात चमचा, डाव्या हातात काटा, काट्याने चमच्यात ढकलायचं की झालं. सुरी टेबलावर नसतेच, कापाकापी सगळी आत झालेली असते. चॉपस्टिक्स त्यांच्याकडे चिनी लोकांबरोबर आल्या आणि सूपवाल्या नूडल्सपुरत्या राहिल्या. ग्रीन करी आणि भाताबरोबर चॉपस्टिक्स मागणं म्हणजे आमटी-भाताला मागण्यासारखंय, पाने बघितलं असेल तर बरोबरच बघितलं. आणि डिश एकत्र येत नाहीत कारण ते जेवण मुळात एकेकाच्या नावाचं नसतंच, सगळं मधे ठेवायचं, सगळ्यांनी त्यातून घ्यायचं, जे आधी झालं ते आधी आलं. शिवाय आत वोक एक आणि माणूस एक. आपल्याला पंगतीची सवय, मिठापासून सगळं पानात पडल्याशिवाय हात लावायचा नाही, त्यामुळे पहिल्यांदा मलाही विचित्र वाटलेलं. आता मी आल्या आल्या जे येईल ते खायला लागते आणि नवऱ्याला एक घास ठेवते. कधी कधी.

एक महाशय लिहितात ‘नॉट ऑथेंटिक’. काय मागवलं होतं तर पॅड थाय, म्हणजे त्या परतलेल्या नूडल्स, आणि क्रॅब रंगून. क्रॅब रंगून! तळलेली पुडी, आत क्रीम चीज असतं त्यात, गाव ब्रह्मदेशातलं आणि पदार्थ अस्सल अमेरिकन. मी एकदा पाला विचारलं की हे तुमच्यात खरंच खातात का, तर ती म्हणाली, "नो खा. नो थाय. यू लाइक, आय फ्राय." झालं! आणि पॅड थाय आपल्याला वाटतं हजार वर्षं जुनं असेल, पण ते १९३० च्या दशकाच्या शेवटी आणि चाळीसच्या दशकात फिबुन नावाच्या पंतप्रधानाच्या राजवटीत देशभर पसरलं. सगळ्या देशाला एक ओळख द्यायची त्याची धडपड होती, सयामचं नाव थायलंड पण त्याच काळात झालं, १९३९ ला. नूडल्स चिन्यांच्या, चिंच-गूळ-मिरची यांची. गूळ म्हणजे ताडगूळ. बऱ्याच ठिकाणी त्यात केचप घालतात, पाकडे चिंच आहे, ती मी जिभेवर ओळखते, चिंचगुळाच्या आमटीवर वाढलेलं पोर आहे मी.

तर ‘नो खा’. हे ‘खा’ काय आहे ते आधी सांगते, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. थाय बायका आदराने बोलताना प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘खा’ लावतात, आपलं ‘हो’ किंवा ‘बरं का’ असतं ना तसं. सवातदी खा म्हणजे नमस्कार. सवातदी पण आपल्या ‘स्वस्ति’वरूनच आलंय. पुरुष ‘खा’च्या जागी ‘ख्राप’ म्हणतात. पा इंग्लिश बोलते तरी खा सुटत नाही. थँक यू खा, सॉरी खा, नो हॅव खा. माझा नवरा कोल्हापूरचा, पहिल्या दिवशी तो हळूच मला म्हणतो, "ही नाही म्हणते का खा म्हणते, एकदा ठरव म्हणावं."

पहिला ‘नो खा’ त्यालाच मिळाला. मेन्यूवर तिखटाचे एक ते पाच आकडे. नवरा तांबड्या रश्श्यावर पोसलेला, त्याने ऐटीत पाच सांगितलं. पाने त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. "नो खा. फर्स्ट टाइम थ्री." तो म्हणाला, मी इंडियन आहे. ती म्हणाली, "येस. थ्री." मी इतकी हसले की पाणी नाकात गेलं. तीन आलं, त्याने चाटूनपुसून खाल्लं, घाम आलेला पण कबूल केला नाही. पुढच्या खेपेला परत पाच. या वेळी ती काही बोलली नाही, नुसतं लिहून घेतलं. आतून आलं ते बघून काही वाटत नव्हतं, बारक्या बारक्या हिरव्या-लाल मिरच्या, आपल्या लवंगीच्या बहिणी. थायमध्ये त्यांना ‘फ्रिक खी नू’ म्हणतात, म्हणजे उंदराच्या लेंड्यांसारख्या मिरच्या. कोल्हापूरकर चौथ्या घासाला गप्प झाला. सहाव्याला डोळ्यातून पाणी. पाण्याचा ग्लास उचलणार तेवढ्यात पाने येऊन ग्लास सरळ उचलून नेला आणि काकडीच्या फोडी आणि गरम भात आणून ठेवला. पाण्याने वाढतं म्हणाली, भात खा. म्हणजे ती नुसतं ‘राइस खा’ म्हणाली, पण त्या वेळी ते मराठीच वाटलं. भाताचे पैसे लावले बरं का. दीड डॉलर.

आता खरी गोष्ट, आईची.

आई माळकरी. साताऱ्याकडची, गळ्यात तुळशीची माळ, एकादशी कधी चुकलेली नाही. गेल्या उन्हाळ्यात ती सहा महिने आमच्याकडे होती. मी स्वतः सगळं खाते, ते आईला माहिती आहे आणि त्यावर आमच्यात बोलणं होत नाही, असो. तिला घेऊन पहिल्यांदा थाय खायला गेलो ते पाकडे नाही, दुसरीकडे, डाउनटाउनमध्ये, मोठी जागा, मंद लाइट, पितळी बुद्ध, टेबलावर ऑर्किड. वेटर इतका गोड पोरगा, मी तीनदा विचारलं की अगदी व्हेज आहे ना, फिश सॉस नाही ना, तर तिन्ही वेळा "ॲब्सोल्युटली, मॅम". आईने भाजीची लाल करी चवीने खाल्ली. बिल देताना दुसऱ्या वेटरला सहज विचारलं तर तो म्हणाला, करीची पेस्ट तयार येते, त्यात श्रिम्प पेस्ट असतेच, आणि वरून फिश सॉस पण, पण अगदी थोडा. अगदी थोडा! आई काही बोलली नाही. घरी येऊन आंघोळ केली, दुसऱ्या दिवशी जेवली नाही. मला म्हणाली, "तुझी काय चूक, त्याने हो म्हणून सांगितलं." त्यानेच मला जास्त लागलं.

त्या हॉटेलला ऑनलाइन साडेचार स्टार आहेत. सर्व्हिस फार नम्र, असं प्रत्येकाने लिहिलंय.

त्यानंतर पाकडे आईला न्यायला माझी हिंमत नव्हती, पण नवरा म्हणाला, ती बाई खोटं बोलणार नाही, चल. गेलो. मी विचारलं ग्रीन करी व्हेज होईल का. "नो खा." का? तर लुंग पेस्ट घरी वाटतात, आठवड्याची एकदम, त्यात कापी असते. कापी म्हणजे आपला जवळा असतो ना तसली बारीक कोळंबी, मीठ घालून आंबवून वाटलेली. तोम यम, ते आंबट-तिखट सूप? नो खा, त्यातल्या भाजलेल्या मिरचीच्या पेस्टमध्ये पण कोळंबी. पॅड थाय? नो खा, सॉस करून ठेवलेला असतो, त्यात नाम प्ला. म्हणजे फिश सॉस, छोटे मासे आणि मीठ पिंपात भरून महिनोन् महिने, कधी वर्षभर ठेवायचे आणि जे पाणी सुटतं ते. थायमध्ये नाम म्हणजे पाणी, प्ला म्हणजे मासा. आईने मधेच ‘नाम’ ऐकलं आणि तिला वाटलं देवाधर्माचं चाललंय, ती मान डोलवायला लागली. मी काही खुलासा केला नाही.

मग मी म्हटलं सोम तम तरी, कच्च्या पपईचा कोशिंबिरीसारखा प्रकार, त्यातली सुकी कोळंबी आणि फिश सॉस काढून टाका, बाकी पपई, शेंगदाणे, लिंबू, गूळच तर आहे. पा थांबली. आत गेली आणि तो खल घेऊन आली, मातीचा उंच खल आणि लाकडी बत्ता, आईच्या समोर धरला. खलाला बोट लावून म्हणाली, "वॉश, वॉश, वॉश. स्टिल फिश." म्हणजे कितीही धुतला तरी मुरलेलं जात नाही. मी भाषांतर करायच्या आधीच आईला कळलं होतं! आईच्या चेहऱ्यावर जे काय आलं ना, मला अजून दिसतंय. माहेरी तिच्या आजीचं सोवळं होतं, कुठलं भांडं कशाला लागलं याचा हिशोब तिने लहानपणापासून बघितलेला. मला म्हणाली, "हिला कळतं. इथं जेवू."

आणि मग काय जेवणार, सगळ्याला तर नाही म्हणून झालेलं. पाने पाच मिनिटं आत लुंगशी वाद घातला, आवाज बाहेर येत होता. मग लहान कढई घासून, आलं, तोफू, लांब चवळीच्या शेंगा आणि बेबी कॉर्न, सोया सॉस आणि आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट घालून परतून आलं. पपईची कोशिंबीर स्टीलच्या बाऊलमध्ये हाताने चुरून. यायला चाळीस मिनिटं लागली, शेजारच्या टेबलावरचा माणूस दोनदा घड्याळ बघून उठून गेला, बहुतेक त्यातला एक स्टार त्याचाच. वाढताना पा आईच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "किन खाव, खा." खाव म्हणजे भात, किन खाव म्हणजे जेव. आई माझ्याकडे वळून म्हणाली, "अगं, ही मराठी बोलते."

त्यांच्यात भेटल्यावर ‘कसा आहेस’ पेक्षा ‘भात खाल्लास का’ विचारतात, हे ऐकल्यावर तर आईचं मतच पक्कं झालं. शाकाहारीला त्यांच्याकडे ‘मांगसाविरात’ म्हणतात, म्हणजे मांसविरती, हे मी तिला सांगितलं तर म्हणते, "बघ, आपण व्हेज व्हेज करतो."

पुढे दर गुरुवारी दुपारी जायचं ठरूनच गेलं. दोघींना एकमेकींचं इंग्लिश येत नाही, कारण दोघींनाही इंग्लिश येत नाही, पण किचनच्या दाराशी उभं राहून झाडपाल्याबद्दल बोलायच्या. गवती चहा दोघींचा कॉमन, आई चहात टाकते, लुंग तोम यममध्ये. निळं सरबत आलं, त्यात लिंबू पिळलं की जांभळं होतं, आई म्हणाली ही तर गोकर्ण, आमच्या परसात आहे, आम्ही वाहतो देवाला. पा म्हणाली "अंचान खा" आणि तिने केसांना लावल्याची खूण केली, भुवया काळ्या होतात म्हणे. आषाढीपासून आईचा चातुर्मास, कांदा-लसूण बंद, आता हे कसं सांगायचं म्हणून मी घाबरत घाबरत बोलले तर पा एकदम खूष, "आ! जे!" त्यांच्यातल्या चिनी वंशाच्या घरांमध्ये वर्षातून नऊ दिवस कडक पाळतात, मांस नाही, मासे नाहीत, कांदा-लसूण पण नाही, त्याला ‘जे’ म्हणतात, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पिवळे झेंडे लागतात दुकानांवर. पाची आई पाळायची. मी पाच वर्षं जाते तिथे, मला हे माहिती नव्हतं. आईला पाच गुरुवार लागले.

आणि तुळस. ही एवढी एक गोष्ट मला वाटलं सगळं मोडणार.

एकदा जेवून मागच्या दाराने पार्किंगकडे निघालो. तिथे भिंतीला लागून प्लॅस्टिकच्या बादल्या, आणि बादल्यांमध्ये तुळस. सात-आठ रोपं, गुडघ्याएवढी, हिरवी आणि जांभळट देठाची, म्हणजे राम आणि कृष्ण दोन्ही. आईने तिथल्या तिथे चपला काढल्या, डांबरावर, जुलैच्या उन्हात, आणि हात जोडले. मला माहिती होतं ती कशाला लावलीये. पॅड क्रपाव. डुकराचा किंवा कोंबडीचा खिमा, मिरची, लसूण, आणि शेवटी मूठभर तुळस. क्रपाव म्हणजे तीच आपली तुळस. गोडसर वासाची जी वेगळी असते ती होरापा, आपल्या सब्जाच्या जातीची. बऱ्याच हॉटेलांत क्रपाव म्हणून तीच ढकलतात, पाला ते चालत नाही म्हणून तिने बादल्या लावलेल्या. मी काहीतरी बोलून आईला गाडीत बसवणार तेवढ्यात पा दारात आली, एक पान खुडलं, चुरगळून आईच्या नाकाशी धरलं आणि अभिमानाने म्हणाली, "क्रपाव! पोर्क! व्हेरी गुड खा!"

आईला इंग्लिश येत नाही, पण पोर्क कळतं.

आईने चपला घातल्या. गाडीत बसली. "काढ गाडी." बस, एवढंच. घरी येईपर्यंत एक शब्द नाही, संध्याकाळी हरिपाठ नेहमीपेक्षा मोठ्याने. मी मनात म्हटलं, संपलं, आता गुरुवार बंद.

बुधवारी रात्री भांडी लावता लावता म्हणाली, "तिला विचार, मंजिऱ्यांचं काय करते ती."

काय करणार, खुडून टाकते. तुरे खुडले नाहीत तर रोप फुलावर जातं आणि पानं कमी येतात, आणि पाला पानंच पाहिजेत. आईला पानांपेक्षा मंजिऱ्यांचं अप्रूप, विठोबाला मंजिरीसकट तुळस लागते आणि इथे माझ्या बाल्कनीतलं रोप वीतभर होऊन थांबलेलं. मी पाला कसंबसं समजावलं, देव, फूल, ही बादली, माझी आई. तिने पूर्ण ऐकून घेतलं. मला वाटलं आता येतंय नो खा. आत गेली, आणि ज्यात सॉस देतात ना ती झाकणवाली छोटी वाटी, ती नवी कोरी घेऊन बाहेर गेली. आधी हात धुतले, आईने बघितलं ते. त्यानंतर ऑक्टोबरात आई परत जाईपर्यंत दर गुरुवारी बिलाबरोबर दोन फॉर्च्युन कुकी, त्यापण थाय नाहीत, आणि एक वाटी मंजिऱ्या.

आता तक्रारी, सांगितल्याप्रमाणे. तीन ते पाच बंद असतं आणि पाटीवर तसं कुठेही लिहिलेलं नाही. फोन उचलत नाहीत. पार्सलचं सूप हमखास सांडतं, माझ्या गाडीला वर्षभर गवती चहाचा वास होता. भाच्याने दोनदा दुसऱ्याच माणसाची पिशवी दिलीये. दहा डॉलरच्या आत कार्ड नाही. शनिवारी रात्री जाऊच नका, तासभर उभं राहाल आणि पा तुमच्याकडे बघणार पण नाही. थायलंड सरकार परदेशातल्या चांगल्या हॉटेलांना ‘थाय सिलेक्ट’ नावाचं प्रमाणपत्र देतं, ते त्यांच्याकडे नाही. मी विचारलं होतं. फॉर्म फार मोठा आहे म्हणाली.

रात्री ते सगळे रिव्ह्यू वाचून झाल्यावर मीपण एक लिहिला. चार स्टार दिले. नवरा अंधारात माझ्या फोनमध्ये डोकावून म्हणाला, एवढं सगळं आणि चारच?

मँगो स्टिकी राइस आठ वाजता संपलेला असतो. दर वेळी. परवापण विचारलं तर तेच, नो खा.